पीटीचा तास पळवू नका

अभ्यासात मागं पडलेली मुलं खेळामुळं सावरतात, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीतलं एक पोरगं नववीत गणितात गटांगळ्या खात होतं. घरच्यांनी आधी फुटबॉलच बंद केला, तर ते वर्गात आणखीच गप्प झालं. शेवटी प्रशिक्षकांनी अट घातली, आधी गृहपाठाची वही दाखव, मगच बूट घाल. सरावानंतर तालीम मंडळाच्या संघातली मोठी पोरं त्याच्याकडून समीकरणं सोडवून घ्यायची. पास झालं की! दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात हे खरं, पण तेवढ्यासाठी पोरांना मैदानात ढकलू नका. कुस्तीपटू खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते इथल्या राजाराम कॉलेजचेच विद्यार्थी. त्याच कोल्हापुरात परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला जातो, हे आधी थांबवा.