हळदीकुंकवाची न संपलेली बशी

आज आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले. सतरा-अठरा बायका आल्या, कैरीची डाळ संपली, पन्हे दुसऱ्यांदा करावे लागले, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरून झाल्या आणि एक बशी मात्र जशीच्या तशी शिल्लक राहिली. त्या बशीत सुकवलेली पर्सिमन होती. सुक्या अंजिरासारखी चपटी, पण अंजिराहून मऊ, आणि वर त्यांच्याच साखरेची पांढरी पिठी सुटलेली ही फळे आम्ही नुकतीच शिआनहून आणली आहेत. पहिल्या बाईंनी एक फळ उचलले, कुठले म्हणून विचारले, मी चीनचे म्हणून सांगितले आणि त्यांनी ते बोटे पोळल्यासारखे परत ठेवले. दुसऱ्या म्हणाल्या, "नको गं बाई, त्यात काय काय घातले असेल कोण जाणे." तिसऱ्या बाईंनी तर आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळ्यांसमक्ष विचारले, "काकू, तिकडे झुरळे खाल्लीत की साप?" आणि खसखस पिकली.

आई हसल्या नाहीत. त्यांनी बशी उचलली, आत नेली आणि वर ताटली झाकून ठेवली. ते मला फार लागले. घरी आलेल्या सवाष्णींना उलट बोलण्याची आपली रीत नाही, म्हणून येथे लिहीत आहे. जाता जाता एवढेच सांगते की गौरीच्या आराशीवर जी दिव्यांची माळ लुकलुकत होती, जिचे प्रत्येकीने कौतुक केले आणि तिघींनी किंमत विचारली, ती पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली असली तरी तिच्या खोक्यावर चिनी अक्षरे आहेत. तिला कोणाचीही बोटे पोळली नाहीत.

आम्ही शिआनला अवघे चार दिवस होतो. लेकीची दहावीची परीक्षा संपली, नणंद नोकरीनिमित्त शांघायला असते, तिच्याकडे गेलो आणि तेथून सहा-सात तासांच्या वेगवान रेल्वेने शिआन गाठले. नणंदेला रजा मिळाली नाही, त्यामुळे भाषा येणारे बरोबर कोणीच नव्हते. होता तो फक्त मोबाइलमधला भाषांतर करणारा बाप्या, जो आमच्या 'मांस नको'चे काय करत होता ते त्यालाच ठाऊक. मार्चअखेरीचे दिवस होते. छिंगलुंग मंदिरात चेरीला बहर आला होता आणि त्या फुलांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. फुले सुंदर होती, गर्दी तुळशीबागेला लाजवणारी होती, आणि याहून अधिक मी त्याबद्दल लिहिणार नाही, कारण बहरलेल्या चेरीचे फोटो तुम्ही आयुष्यभर पुरतील इतके पाहिले आहेत. आता सांगते ती गोष्ट मात्र फोटोत येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही ढोल मनोऱ्यामागच्या मुस्लिम वस्तीत गेलो. तेथे सळईवर मटण भाजण्याचा धूर इतका होता की आईंनी पदर नाकाला लावला, आणि सकाळपासून त्यांच्या पोटात दोन केळी आणि पुण्याहून नेलेली भाकरवडी एवढेच गेले होते. एका बोळात डोक्याला रुमाल बांधलेली, आईंच्याच वयाची एक बाई छोट्याशा दुकानात बसली होती. मी मोबाइल पुढे केला. तिने तो वाचला, आईंकडे पाहिले, पुन्हा वाचला आणि उठली. तिने सुरी आणि पाट गरम पाण्याने घासून धुतला, पाट आईंच्या डोळ्यांसमोर तिरपा करून दाखवला, मग जणू स्वतःचेच समाधान झाले नाही म्हणून पुन्हा धुतला. त्यावर तिने एक पांढरी, पारदर्शक, थरथरणारी पोळी ठेवून तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, त्यांवर काकडी, मोड आलेले मूग, व्हिनेगर, लाल तिखटाचे तेल आणि वाटलेल्या तिळाचा दाट रस घातला आणि वाटी आईंच्या हातात दिली. या पदार्थाला ल्यांगपी म्हणतात. आईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर गव्हाचा चीक आहे!"

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना मी काय सांगते आहे ते कळेल. आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, गाळतो, चीक तळाशी बसू देतो आणि वरचे पाणी ओतून टाकतो. ते लोक कणीक मळून ती पाण्यात धूत राहतात. सत्त्व पाण्यात उतरते, तळाशी बसते, मग ते ताटलीत ओतून वाफवले की ही पोळी होते. धुऊन उरलेला चिवट गोळाही टाकत नाहीत, तो वाफवून त्याच्या सच्छिद्र फोडी वाटीत वरून घालतात, जसे आपण चोथ्याच्या भुसवड्या करतो. हे मला नंतर समजले. आईंना मात्र वाचावे लागले नाही. त्यांनी हवेतच गाळण्याची, निथळण्याची आणि सोऱ्या दाबण्याची कृती करून दाखवली, आणि ती बाई एवढ्या मोठ्याने हसली की शेजारचा दुकानदार डोकावला. तिने आईंचा हात धरून त्यांना आत नेले आणि पातेल्यावरचे झाकण उचलले. वर पिवळसर निवळ, खाली घट्ट पांढरा थर. आईंनी तिची परवानगी डोळ्यांनीच विचारली, थोडा चीक बोटावर घेतला, अंगठ्याने चोळून पाहिला आणि मान डोलावली. एका भाषेचा एक शब्दही दुसरीला येत नसताना त्या दोघी पाच-सात मिनिटे चिकाबद्दल बोलत होत्या, आणि मी शपथेवर सांगते, एकमेकींचे सगळे त्यांना समजत होते.

आणि आज त्याच आईंना आमच्या दिवाणखान्यात विचारण्यात आले की झुरळे खाल्लीत की साप.

मला ठाऊक आहे, कोणीतरी खाली येऊन सीमेवरचे सांगणार आहे. २०२० साली गलवानमध्ये आपले २० जवान हुतात्मा झाले हे मी विसरलेले नाही. तेथे जिकडे तिकडे कॅमेरे आहेत, तिकिटासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो, आपले नेहमीचे व्हॉट्सॲप आणि गूगल तेथे सहजासहजी चालत नाही आणि शाकाहारी माणसाचे तेथे हाल होतात, हेही मान्य. एवढे मान्य करून झाले. आता त्या पाट धुणाऱ्या बाईचा यातल्या कशाशी संबंध आहे, ते मला कोणी सांगावे.

खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. झुरळांचा विनोद ज्या बाईंनी केला, त्या दर वर्षी १ मे रोजी न चुकता आमच्या सोसायटीच्या गटावर एक मजकूर पाठवतात. तुम्हालाही तो येत असेल. सातव्या शतकात एक चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला आणि त्याने आपल्याबद्दल लिहून ठेवले की हे लोक साधे, प्रामाणिक आणि मानी आहेत, उपकार करणाऱ्याचे ऋण विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, संकटात कोणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात. आपली छाती फुगते. पण हे लिहिणारा ह्युएन त्संग राहत कुठे होता? तो याच शिआनमध्ये, तेव्हाच्या छांगआनमध्ये राहत होता. तो बादशहाच्या परवानगीशिवाय निघाला, वाळवंट आणि पर्वत ओलांडून आपल्याकडे आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात फिरला, आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. त्या पोथ्या सुरक्षित राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये त्याने जो मनोरा बांधून घेतला, तो पुढे नव्याने बांधला जाऊन, दुरुस्त्या होत होत आजही उभा आहे. सात मजली, ६४ मीटर उंच, विटांचा. इंग्रजीतले त्याचे नाव मराठीत आणले तर जंगली हंसाचा मोठा मनोरा असे काहीसे होईल. समोर त्याचा पुतळा आहे. आईंनी त्या पुतळ्याला वाकून नमस्कार केला तेव्हा बाजूची दोन कॉलेजातली मुले चकित होऊन पाहू लागली. लेकीने त्यांना मोबाइलवर लिहून दाखवले की हा माणूस आमच्या गावाकडे येऊन गेला आहे. त्यावर त्या मुलांनी आमच्याबरोबर फोटो काढून घेतले, जणू आम्हीच त्याला काल स्टेशनवर सोडून आलो होतो.

त्या माणसाने आपल्याकडे येऊन काय केले? पाहिले, विचारले, आपल्या लेण्यातल्या भव्य विहाराचे वर्णन लिहून ठेवले. इथले लोक काय खातात म्हणून नाक मुरडत परत गेला असता, तर तुम्हाला १ मे रोजी पाठवायला मजकूर उरला नसता. त्याची आपल्याबद्दलची चार वाक्ये चालतात, त्याच्या गावचे फळ मात्र चालत नाही. हे कसले मानी लोक? त्यानेच असेही नोंदवले आहे की महाराष्ट्रातले लोक सूड घेण्याआधी शत्रूला सूचना देतात. ही पोस्ट ती सूचना समजावी.

एवढे लिहून चहा करून आले, आणि आता थोडे माझ्याबद्दलही लिहिणे भाग आहे. निघताना आमची एक अख्खी बॅग थेपले, भाकरवडी, मेतकूट आणि शेंगदाण्याच्या लाडवांनी भरली होती, आणि ती भरताना "तिथले काही तोंडात घालायचे नाही, काय असेल नेम नाही" हे वाक्य मीच उच्चारले होते. त्या बाईने पाट दुसऱ्यांदा धुतला तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा की हे सगळे गिऱ्हाईक पटवण्यासाठी चालले असेल. वाटीचे पैसे तिने पाटीवर लिहिलेले तेवढेच घेतले, एक युआन कमी नाही की जास्त नाही, आणि मला तेव्हा जी लाज वाटली ती मी अजून यजमानांनाही सांगितलेली नाही. तेव्हा ज्या बाई हसल्या त्यांच्यात आणि माझ्यात चार दिवसांचाच फरक आहे, हे कबूल करते. पण तो फरक आहे.

टेराकोटा सैनिकांबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगते. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले हे सैन्य पाहायला शहराबाहेर जावे लागते, आणि पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी पोहोचायला कोपरांचा वापर करावा लागतो. प्रत्येक चेहरा निराळा आहे हे खरे आहे. लेक त्यांच्या अंबाड्यांचे पीळ मोजत बसली. त्याहून मला मिंग काळातली तटबंदी अधिक आवडली. सुमारे १४ किलोमीटरांचा अखंड वेढा आहे आणि त्यावर सायकली भाड्याने मिळतात. यजमान आणि लेक दोघांच्या एका सायकलवर बसून पूर्ण फेरी मारून आले, आणि आई आणि मी दक्षिण दरवाज्यावर बसून राहिलो. उन्हात, वाऱ्यात. आई मध्येच म्हणाल्या, "तिने वरचे पाणी अजून दोनदा बदलायला हवे होते, चीक आणखी पांढरा निघाला असता." म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे सैन्य पाहून झाल्यावरही त्या मनाने त्या पातेल्याशीच उभ्या होत्या.

संध्याकाळी बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर आई त्या बशीतले एक पर्सिमन खात होत्या. मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "त्यांना रागावू नकोस. मीही पूर्वी हेच म्हटले असते." मग दुसरे फळ माझ्या हातात ठेवले. मी अजून रागावलेलीच आहे, पण लिहायला बसले तेव्हाइतकी नाही.

गहू परवाच भिजत घातले आहेत. रविवारी चीक निघेल. निम्म्याच्या कुरडया होतील, आणि बाकीचा ताटलीत ओतून ढोकळ्याच्या कुकरमध्ये वाफवून पाहायचा असे आईंनी ठरवले आहे. तिळाचे वाटण कसे जमते तेवढी त्यांना धास्ती आहे. ज्यांना यायचे त्यांनी अकराच्या सुमारास यावे. पर्सिमनही अजून बरीच आहेत.