दीड लाखाचा घाणा आणि साडेसहा लाखांचं अंदाजपत्रक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आमच्या लेखातल्या लाकडी तेलघाण्याच्या अंदाजपत्रकावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ३ एचपीचा घाणा १ लाख ६० हजारात मिळतो, मग ६ लाख ६० हजारांचा आकडा दाखवून आम्ही नवख्या माणसाला घाबरवतो. पहिल्याच दिवशी टनभर शेंगदाणा कुणी भरत नाही. ३५ टक्के अनुदान आम्ही धरलंच नाही. सुटं तेल विकलं तर बाटल्या-लेबलांचा खर्चही वाचतो. तुमच्या मते अडीच लाखांत धंदा उभा राहतो.

शेंगदाण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते आधी मान्य करतो.

आमच्या तक्त्यात पहिल्या मालासाठी १,१०,००० रुपये होते, म्हणजे ११० रुपये किलोने १,००० किलो. हा हिशेब धंदा बसल्यानंतरचा आहे. पहिल्या महिन्यात ६० लिटर तेल खपलं तरी चांगलं, आणि त्याला साधारण १४० किलो दाणे लागतात. ३०० किलो, म्हणजे ३३,००० रुपयांचा माल सुरुवातीला पुरे. खरिपाची शेंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येते, भाव उतरतो, तेव्हा भरून ठेवायचा मोह होतो. पण कोरडी, हवेशीर जागा नसेल तर त्या दाण्याला कीड आणि बुरशी लागते. बुरशीचा दाणा घाण्यात गेला की तेलाला वास येतो, शिवाय त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष आहे. तेव्हा तक्त्यातून ७७,००० रुपये कमी करतो.

आता यंत्राची किंमत. १ लाख ६० हजारांचं कोटेशन खरंच असेल, पण त्यात तीन गोष्टी विचारून घ्या: जीएसटी धरलाय का, वाहतूक कोणाची, आणि मोटर-स्टार्टर त्यातच आहे का. घाणा जड असतो. तो टेम्पोतून उतरवायला माणसं किंवा क्रेन लागते आणि बसवायला काँक्रीटचा पाया आणि बोल्ट लागतात. पाया समपातळीत नसेल तर लाट, म्हणजे उखळात दाणे दाबणारा लाकडी दांडा, एका बाजूला घासते, उखळ वेडंवाकडं झिजतं आणि तेलाचा उतारा, म्हणजे दाण्यांतून निघणाऱ्या तेलाचं प्रमाण, घटतो. नवं लाकूड पहिले तीन-चार घाणे (एका वेळी घातलेले दाणे म्हणजे एक घाणा) स्वतःच तेल पितं. तो माल विक्रीला धरायचा नाही, खर्चात लिहायचा. लाट झिजणारी वस्तू आहे. दुसरी लाट केवढ्याला आणि किती दिवसांत मिळेल, हे खरेदीच्या दिवशीच लिहून घ्या. लाट येईपर्यंत घाणा बंद राहिला तरी भाडं चालूच असतं.

वीज हा दुसरा भाग. घरगुती जोडणीवर घाणा चालवायचा विचार कृपया सोडा. तो विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतो, मग दंडाचं बिल येतं आणि आपला बाकीचा सगळा हिशेब कोलमडतो. थ्री-फेज जोडणी, आतली वायरिंग, अर्थिंग आणि सुरक्षा ठेव मिळून आम्ही २५,००० धरलेत. खांब लांब असेल तर जास्त लागतील. चालू वीजखर्च मात्र लोकांना वाटतो तेवढा नाही. ३ एचपी म्हणजे २.२४ किलोवॅट. सव्वा तासाच्या एका घाण्याला पावणेतीन-तीन युनिट लागतात. ९ रुपये युनिट धरलं तर सुमारे २५ रुपये, म्हणजे लिटरमागे ४ रुपये.

लिटरचा हिशेब इथे पूर्ण मांडतो, कारण वाद खरा तिथेच आहे. १५ किलो दाण्यांचा घाणा, उतारा ४० टक्के, म्हणजे ६ किलो तेल. शेंगदाणा तेलाची घनता ०.९१ च्या आसपास, म्हणून ते साडेसहा लिटर भरतं. चार-पाच दिवस टाकीत निवळलं की खाली गाळ बसतो आणि हातात ६.४ लिटर उरतं. एका लिटरला २.३४ किलो दाणे, २५८ रुपये. पेंड ४० रुपये किलोने गेली तर लिटरमागे ५० परत. उरले २०८. बाटली, झाकण, लेबल १५, वीज ४. एक लिटर तुम्हाला २२७ रुपयांना पडतं. गिऱ्हाइकाला थेट ३५० ला विकलं तर १२३ सुटतात, दुकानदाराला ३१० ला दिलं तर ८३. निम्मं-निम्मं धरून सरासरी १०३. (दाणे फार कोरडे असतील तर पेंड बांधली जात नाही, म्हणून पाण्याचा हलका शिंपडा देतात. तो जास्त झाला की तेल गढूळ राहतं आणि लवकर खवट होतं. उतारा ४० वरून ३६ वर आला तर लिटरला २५ हून जास्त रुपयांचे दाणे वाढतात. पेंड थोडी जास्त मिळते, पण तेवढ्याने भरून निघत नाही.)

आता दरमहाचा ठरलेला खर्च बघा: भाडं ८,०००, मदतनीस १२,०००, विजेचा स्थिर आकार आणि फोन १,०००, वाहतूक ३,०००. ३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,५०० च्या थोडा वर. एकूण ३०,५००. ते भागायला महिन्याला जवळजवळ ३०० लिटर खपायला हवं, म्हणजे दरमहा ३ लिटर नेमाने घेणारी १०० घरं. आणि यात मालकाचा पगार शून्य आहे. विक्री ६०, ११०, १६०, २१०, २६० लिटर अशी चढत सहाव्या महिन्यात ३०० ला पोचली, तरी पहिल्या पाच महिन्यांची तूट ७०,००० होते. तुमच्या अडीच लाखांत या ७० हजारांना जागा नाही. यंत्र उत्तम, तेलही शुद्ध, आणि चौथ्या महिन्यात दाणे घ्यायला पैसे नाहीत, असे घाणे बंद पडतात याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

उधारीचंही तसंच. दुकानदार महिन्याने पैसे देतो. १५० लिटर दुकानांत गेलं की ४६,५०० रुपये कायम बाहेर असतात. नफा वहीत दिसतो, पण गल्ल्यात येत नाही.

अनुदानाबद्दल. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, अशी तरतूद आहे आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. पण हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. ती रक्कम बँकेत वेगळी राहते आणि कर्जखातं नियमित असेल, उद्योग चालू असेल, तर ३ वर्षांनी कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा नक्कीच आहे. पण तुमच्या हातात त्यातून एक रुपयाही येत नाही. त्याच्या भरवशावर दाणे घेता येत नाहीत, म्हणून आम्ही ते भांडवलात धरलं नाही, आणि पुढेही धरणार नाही. बचत गट असेल तर खेळत्या भांडवलासाठी दर सदस्य ४०,००० पर्यंत बीजभांडवलाची सोय याच योजनेत ठेवलेली आहे. योजनेची आजची स्थिती मात्र कृषी विभागाच्या कार्यालयात विचारूनच पुढे जा.

सुट्या तेलाचा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षा नियमांनी २०११ पासून बंदी आहे. गिऱ्हाईक स्वतःचे दाणे घेऊन आलं आणि तुम्ही मजुरी घेऊन तेल काढून दिलंत, तर गोष्ट वेगळी. दळणासारखं हे काम सुरुवातीला जरूर घ्या. त्यात तुमचं भांडवल अडकत नाही, घाणा रिकामा राहत नाही आणि तीच घरं पुढे बाटलीचं तेल घेतात. लेबलात बचत करायचीच असेल तर ती अशी करा: अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक आणि जागेचा पक्का पत्ता हातात येईपर्यंत एकही लेबल छापू नका, आणि पहिली छपाई ५०० चीच घ्या. पत्ता बदलला की ५,००० लेबलं रद्दीत जातात.

तुमच्या निमित्ताने तक्ता पुन्हा तपासला तेव्हा आमची एक चूक सापडली. गाळा ताब्यात घेतल्यापासून वीजजोडणी आणि नोंदणी होऊन पहिला घाणा फिरेपर्यंत सहज दोन महिने जातात. ते १६,००० रुपये भाडं आम्ही धरलंच नव्हतं. ५०,००० अनामत मात्र खर्च नाही, अडकलेला पैसा आहे. ती ओळ वेगळ्या रकान्यात टाकतो. भाडेकरार ३६ महिन्यांचा नोंदवला तर एकूण भाडं आणि अनामतीवरचं १० टक्के व्याज धरून ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे ८०० च्या आत, आणि शहरी भागात नोंदणी फी १,०००. हे तक्त्यात परवान्यांसाठी धरलेल्या ५,००० मध्ये बसतं.

तर ६,६०,००० मधून ७७,००० वजा आणि १६,००० अधिक, नवा आकडा ५,९९,०००. मूळ लेखातला तक्ता आज रात्री बदलतो. दाण्यांचे वजा केलेले पैसे पाचव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने लागतीलच, म्हणून त्यापुढे 'नंतर लागणारे' असा वेगळा रकाना देतो. तुमच्याकडचं कोटेशन जीएसटी, वाहतूक आणि सुट्या लाटेच्या किमतीसह इथेच लिहिलंत, तर यंत्राची ओळही दुरुस्त करता येईल.