क्युरेटरला पत्र लिहिताना

चित्रं काय, काढली की होतात. खरी साधना लागते ती संग्रहालयाच्या क्युरेटरला पत्र लिहायला. तेव्हा ब्रश धुऊन ठेवा आणि बसा लिहायला.

पहिल्या पत्रात प्रदर्शनाचं नावही काढू नका, गरजवंत दिसाल. ‘सध्या मी भिंत या संकल्पनेशी झगडतो आहे’ एवढंच कळवा. भिंती त्यांच्याकडे आहेत, त्यांना कळेल. फोटो जोडायचेच तर जरा धूसर जोडा. स्वच्छ फोटोत चित्र दिसतं, आणि चित्र दिसलं की लोक मत बनवतात.

उत्तर वाचायलाही शिकावं लागतं. ‘तुमचं काम आस्थेने पाहिलं’ म्हणजे फाइल उघडली. ‘संपर्कात राहू’ म्हणजे तुम्ही राहू नका.

आणि चुकून होकार आलाच तर लगेच हरखून जाऊ नका, अटी घाला. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांनी १९६१ साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीला कळवलं होतं की, मोठी चित्रं जमिनीलगत टांगा, शक्यतो सहा इंचांहून वर नकोत. तुम्ही साडेपाच लिहा. शिवाय चित्रामागे वरची बाजू दाखवणारा ठळक बाण काढा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘ल बातो’ ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. चूक लक्षात आली ती प्रदर्शन पाहायला आलेल्या एका बाईंच्या. तुमचं चित्र उलटं टांगलेलंच जास्त बरं दिसत असेल, तर बाणाचं तेवढं विसरा.

चित्र संग्रहालयात पोचलं की तिथलं कुणीतरी हातात टॉर्च घेऊन त्याची तपासणी करतं आणि स्थिती-अहवाल लिहितं. ‘खालच्या डाव्या कोपऱ्यात ३ मिमी ओरखडा, वर किंचित पिवळट डाग.’ हा कागद जपा. तुमच्या चित्राकडे इतकं टक लावून यापुढे कुणीही पाहणार नाही, समीक्षक तर नाहीच. तो ओरखडा म्हणजेच चित्राचा विषय होता, हे मात्र कळवू नका. विम्याची भानगड होते.

पण बहुतेक नकारच येईल. तो फाडू नका. १९५६ साली अँडी वॉरहॉल नावाच्या तरुणाने त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला बुटाचं एक रेखाचित्र चक्क फुकट देऊ केलं. १८ ऑक्टोबरला संग्रहालयाच्या आल्फ्रेड बार यांचं अतिशय सभ्य उत्तर आलं: समितीने नको म्हटलं आहे, जागेची अडचण आहे, क्वचितच दाखवता येईल अशी भेट घेणं योग्य नव्हे. आणि खाली ताजा कलम: चित्र आपल्या सोयीने घेऊन जावे. म्हणजे पोस्टाचा खर्चही वाचवला. पुढे त्याच संग्रहालयाने वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं घेतली. त्यांना बरी जागा सापडली!

म्हणून प्रत्येक पत्राची प्रत ठेवा, तारीख घाला, जमल्यास कॉफीचा एक गोल डाग पाडा. पुढेमागे याच कागदांचं प्रदर्शन भरेल. काचेच्या पेटीत, ५० लक्सच्या मंद उजेडात, तुमच्या आर्जवांपुढे लोक वाकून उभे राहतील. तिथे तुमचं एखादं चित्रही लावावं, असं क्युरेटरला सुचवून पाहा. जागेची अडचण असल्याचं पत्र येईल. तेही पेटीत ठेवायला द्या.