खिशातला पावशेर

पँटच्या खिशात काहीतरी चौकोनी, जाड आणि जड दिसलं की समोरच्याची नजर आधी खिशाकडे जाते, मग तोंडाकडे, आणि मग तो हळूच वास घेतो. त्याची चूक नाही. आपल्याकडे खिशातल्या पावशेराचा अर्थ पूर्वीपासून ठरलेला आहे. माझ्या पावशेराला बूच नाही, भिंग आहे, एवढंच. पण हे प्रत्येकाला सांगत कोण बसणार?

पावशेर म्हणजे अगदी हिशेबाने पावशेर. रिको जीआर ३ हा २०१९ सालचा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम भरतो. जुना पावशेर साधारण २३३ ग्रॅमचा, म्हणजे वरची चिमूट दुकानदाराने प्रेमाने घातली असं समजायचं. लांबी ११ सेंटिमीटर, उंची सव्वासहा, जाडी सव्वातीन. चष्म्याच्या घरापेक्षा आखूड. आणि आत सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे गळ्यात धोंड्यासारखे लोंबणारे हौशी कॅमेरे ज्या मापाचा सेन्सर वापरतात त्याच मापाचा. बहुतेक महागड्या मोबाईलचा मुख्य सेन्सरसुद्धा जेमतेम १० मिलिमीटर रुंद असतो. क्षेत्रफळ काढलं तर पाचपटीचा फरक. हे गणित मी चहाच्या टपरीवर अनेकांना समजावलं आहे. सगळं ऐकून घेऊन ते विचारतात, “पण मोबाईल आहे ना तुमच्याकडे?”

आहे ना! पण फोटोसाठी मोबाईल बाहेर काढला की सोसायटीच्या ग्रुपवर टाकी कधी धुणार याचा वाद दिसतो, दोन मिस्ड कॉल दिसतात, आणि मान वर करेपर्यंत फुगेवाला कोपऱ्यावरून वळलेला असतो. ही डबी उघडायला बटण एकच. दाबलं की सेकंदाच्या आत भिंग बाहेर. आणि तिच्यावर कुणाचा फोन येत नाही.

मुळात कॅमेरा खिशात ठेवायचा असतो हेच आपल्याला मान्य नाही. कॅमेऱ्याची जागा कपाटात. याशिका एमएफ-२ चामड्याच्या घरात, ते घर टॉवेलात, तो टॉवेल शालूंच्या खाली आणि शेजारी डांबराच्या गोळ्या. छत्तीसच्या एका रिळात दोन गणपती आणि मधली मुंज मावायची. इतकं जपूनही भिंगावर बुरशीची जाळी यायचीच, कारण बुरशीला लागतं ते सगळं आपण कपाटात हौसेने मांडून ठेवलेलं: अंधार, कोंदट हवा, ओल धरणारं चामडं. डांबराच्या गोळ्या कपड्यांची कसर टाळतात, ओल शोषत नाहीत. उलट रोज बाहेर हिंडणाऱ्या कॅमेऱ्याला हवा लागते, ऊन लागतं, आणि बुरशीला घर करायला निवांतपणा मिळत नाही. घरी हा मुद्दा मी नवा कॅमेरा घेताना मांडला होता. मान्य झाला नाही, पण खोडूनही काढता आला नाही.

छोट्या कॅमेऱ्याचं हे खूळ फार जुनं. जर्मनीतल्या वेट्झलारच्या ऑस्कर बार्नाकला दमा होता आणि काचेच्या प्लेटांचं अवजड बोचकं त्याला डोंगरावर झेपत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा चिमुकला कॅमेरा केला आणि १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. जपानच्या माइतानी योशिहिसांनी १९७९ च्या ऑलिम्पस एक्सएमध्ये भिंगावर सरकतं झाकणच बसवलं, की वेगळं घर नको आणि हरवायला टोपीही नको. टोपी हरवणारा नवरा त्यांनी जवळून पाहिला असावा.

आता खिसा. सगळा छळ इथे सुरू होतो.

शर्टाचा वरचा खिसा दिसायला सोयीचा, पण त्यात पाव किलो घातलं की शर्ट एका बाजूला ओघळतो आणि माणूस अर्धांगवायू झाल्यासारखा दिसतो. शिवाय आपण दिवसातून किती वेळा वाकतो याचा अंदाज कुणालाच नसतो. चपलेचा बंद, बेसिनचा नळ, पडलेलं नाणं. बेसिन सगळ्यात वाईट. मागच्या खिशाबद्दल बोलायलाच नको, बसणं हा माणसाचा मूलधर्म आहे. झब्ब्याचा खिसा खोल असतो, पण कॅमेरा त्यात गुडघ्यापाशी घंटेसारखा हेलकावतो आणि जिन्याच्या प्रत्येक कठड्यावर टोला देतो. उरला पँटचा पुढचा खिसा. तिथे किल्ल्या आणि नाणी नकोत, पडद्यावर चरे पडतात. सगळ्यात घातक मात्र कापडाचा भुसा. खिशाच्या तळाशी कोपऱ्यात बोट घालून बघा: राखाडी कापूस, तिकिटाचा चुरा आणि सुपारीचं एक खांड. भिंग आत-बाहेर होणारा कुठलाही कॅमेरा त्या हालचालीबरोबर थोडी हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर हा ऐवजही. कण सेन्सरवर बसला की रोजच्या फोटोत दिसत नाही. एफ १६ वर, म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मग दिसतो, बरोबर ढगाच्या पोटात, करड्या तिळासारखा. भिंग निघत नसल्यामुळे फुंकर तिथवर पोचत नाही. तीळ काढायचा तर कॅमेरा उघडावा लागतो आणि ते दुकानातलं काम. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड भिंगाला लावून ओढून घेणारे शूर लोक आहेत. मी त्यांना नमस्कार करतो, आणि ते माझ्याकडे आले की कॅमेरा आत ठेवतो.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा खिसा उलटा करून झाडायचा, आणि रात्री भिंग बंद असतानाच त्याच्या कडेने रबरी ब्लोअर मारायचा. आधी भिंग उघडून मग ब्लोअर मारला तर आपणच कचरा आत ढकलतो. मनगटाला दोरी हवीच. गळ्यातला पट्टा खिशात मावत नाही, मावला तर गाठी मारून बसतो.

बाहेर काढल्यावर मात्र सगळे हाल विसरायला होतात. फोकस दोन मीटरवर पक्का करून ठेवायचा, छिद्र एफ ८, शटर १/२५० सेकंदाहून मंद होऊ द्यायचं नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ६४००. अशा बेतात सुमारे एक मीटरपासून पार मागच्या इमारतीपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. बटण एका दमात खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्यात बसवायला घराचं दार आडवं पडलंय अशी कल्पना करावी, जवळपास तेवढंच. आणि दोन मीटरवरून या रुंद भिंगाच्या (फिल्मच्या हिशेबाने २८ मिलिमीटर) नजरेत अडीच मीटर रुंदीचं जग मावतं. मंडईत एक भाजीवाली, तिचा काटा, कोथिंबिरीचा ढीग आणि ‘मोड आहे का?’ विचारणारं गिऱ्हाईक, सगळं एका चौकटीत. उन्हात पडदा काळाठिक्कर दिसतो, त्यामुळे हे अडीच मीटर पाठच असलेले बरे.

“झूम होतो का?” हा प्रश्न या टप्प्यावर येतोच. होत नाही. जवळचं हवं तर जवळ जायचं, असं जाणकार सांगतात. सकाळच्या ८.१२ च्या लोकलमध्ये त्यांनी एकदा जवळ जाऊन दाखवावं.

नातेवाईकांत या कॅमेऱ्याचे धोके वेगळे. इतक्या रुंद नजरेचं भिंग कडेच्या वस्तू बाहेरच्या अंगाला ताणतं. म्हणून गटाच्या फोटोत मोठ्या आत्याला कधीही टोकाला उभं करू नये. टोकाला बारीक भाचे लावावेत, त्यांना ताण सोसतो. आणि कुणाचाही चेहरा हातभर अंतरावरून टिपू नये, नाक पुढे येतं आणि कान मागे राहतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, अंतराचा आहे, पण लग्नात भौतिकशास्त्र ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही. दीड-दोन मीटरवर उभं राहावं आणि मग हवं तेवढं कातरून घ्यावं. २४ मेगापिक्सेल त्यासाठीच असतात.

बॅटरी हे या संसारातलं हातावरचं पोट. कागदावर २०० फोटो, प्रत्यक्षात आपण दर फोटोनंतर पडदा बघत बसतो म्हणून त्याहून कमी. दोन जादा बॅटऱ्या लागतात. त्या सुट्या नाण्यांबरोबर कधीही ठेवू नयेत: टोकं जुळली तर खिसा तापतो आणि लोक पुन्हा भलताच अर्थ काढतात. भरलेल्या बॅटरीला रबर बँड लावायचा, रिकामीचा काढायचा. दिव्याखाली डोळे बारीक करून खुणा वाचण्यापेक्षा हे बरं.

जूनमध्ये दुसरा अंक सुरू होतो. या वर्गातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसतं, त्यामुळे धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी कामाला येते. मराठी घरात ती जन्मभर पुरेल इतकी साठलेली असतेच. एसी ऑफिसातून एकदम दमट रस्त्यावर आलं की भिंगाला घाम फुटतो. तो पुसत बसू नये. निघण्यापूर्वीच कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर वीसेक मिनिटं तसाच राहू द्यावा. भिजलाच, तर घरातली सर्व वडीलधारी मंडळी एकमुखाने म्हणतात, “तांदळात ठेव.” ठेवू नये. तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि त्याची पिठी मात्र प्रत्येक फटीत जाते. बॅटरी आणि कार्ड काढून, पुसून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवावा.

हा डबा एरवीही हवा. पाच लिटरचा, रबरी कड असलेला, आत शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की परत नारिंगी होतात. निळे दाणे घेऊ नयेत, त्यांच्यात कोबाल्ट असतं आणि स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. तशी नारिंगी दाण्यांनाही नाहीये. “माझ्या केकच्या ट्रेमध्ये नाही हं!” हे वाक्य ओव्हन तापायच्या आधी येतं.

खिशाचा प्रश्न शेवटी शिंप्याकडे नेला. तोंड पाच इंच, खोली सात, वर बटणाची पट्टी, आणि अस्तर गुळगुळीत, भुसा न सोडणारं. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, पेन्सिल कानाला लावली आणि दुकानात इतर गिऱ्हाईकं असताना, आवाज बिलकुल कमी न करता विचारलं, “पावशेरच ना साहेब, की अर्धीचं माप धरू?”