काटोलच्या काकांना, बादलीतल्या पालकाबद्दल

काका, नमस्कार.

मातीशिवाय, बादलीतल्या खताच्या पाण्यात पालक वाढवण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी इथे जशीच्या तशी उतरवते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशावर बोलून राहिलो ते: 'बेटा, माझ्या संत्र्याच्या बुडाशी चार दिवस पाणी साचलं की झाड पिवळं पडतं. तू मुळं कायमची पाण्यात ठेवते अन् लोकांना सांगते, बाराही महिने घरची भाजी खा. नागपूरच्या उन्हात? वरून सगळं केमिकल. दहा रुपयाला पालकाची जुडी मिळते, हिशोब दे.'

साचलेल्या पाण्यापासूनच सुरू करू. तुमच्या काळ्या मातीत पाणी भरलं की कणांच्या फटींमधली हवा बाहेर पडते. मुळाला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, तो संपला की मूळ गुदमरतं. म्हणजे झाड मरतं ते हवा नसल्यामुळे. भंडारा-गोंदियाकडचं धान महिनोन्‌महिने पाण्यात उभं असतं, कारण त्याच्या खोडात अन् मुळात पोकळ नळ्या असतात, पानांकडून हवा खाली पोचते. पालकाला अन् सांबाराला (कोथिंबिरीला) तशी सोय नाही. म्हणून बादलीत मासोळ्यांच्या टाकीचा छोटा एअर पंप अन् बुडबुडे काढणारा दगड. तो दगड काढला तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आता तुम्ही नेमकं जिथे बोट ठेवलं ते, म्हणजे ऊन. पाणी जितकं तापतं तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसातच्या आसपास, 40 ला जेमतेम साडेसहा. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो, त्यापुढे हे काहीच नाही. माझ्या 20 लिटरच्या बादलीत सगळा मिळून चिमूटभरही नसतो. त्यात गंमत अशी की उष्णता वाढली की मुळांची भूकही वाढते. पुरवठा कमी, मागणी जास्त.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं एप्रिलमध्ये. मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस अमरावतीला गेले होते. आमच्या गल्लीतली केबल जळाली अन् दिवसभर वीज नव्हती. परत आले तर पानं अगदी टवटवीत दिसत होती, म्हणून आधी बॅग ठेवली, चहा केला. मग झाकण उचललं. पांढरीशुभ्र मुळं चहापत्तीच्या रंगाची झाली होती अन् वास नालीचा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत केसाएवढा दोरा उरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पानंही लोळली. ही पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवाची मूळकूज. तुमच्या संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आणणारा फायटोफ्थोरा याचाच भाऊबंद. दोघांचेही बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणून साचलेलं पाणी त्यांना रस्त्यासारखं. फरक एवढाच की तुम्ही खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावता. मला खायच्या पालकाच्या पाण्यात तसलं काही टाकता येत नाही. अन् पालक याला फार लवकर बळी पडतो.

तेव्हापासून रोप बसवलेल्या जाळीच्या कुंडीचं बूड अन् पाणी यांच्यात चार बोटं जागा सोडते. वरची मुळं दमट हवेत लोंबतात, खालची पाण्यात राहतात. पंप बंद पडला तरी थोडा वेळ निभतं. बादलीला बाहेरून चुना लावला अन् थर्माकोलच्या खोक्यात बसवली. मे महिन्यात तरीही उपयोग नाही. पारा 45 च्या वर गेला की बाटलीत बर्फ गोठवून किती वेळा टाकणार? आमच्या घरी कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कोणाची यावरून रोज भांडण असतं, तिथे पालकाला कोण विचारतं.

केमिकलचं मात्र मला पटलं नाही. शेणखत घातलं तरी झाडाचं मूळ नत्र उचलतं ते मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम म्हणूनच. मातीतले जिवाणू आधी ते तोडून देतात. बादलीत ते जिवाणू जवळपास नाहीत, म्हणून तयार क्षार द्यावे लागतात. याच अडाणीपणात मी पहिल्यांदा 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) टाकलं होतं, तुम्ही ड्रिपमधून सोडता तेच. त्यातलं बरंच नत्र युरियाच्या रूपात, अन् कॅल्शियम तर नाहीच. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. आता कॅल्शियम नायट्रेट वेगळं अन् बाकीचं वेगळं विरघळवते. घट्ट द्रावणं एकत्र केली की तळाला पांढरा गाळ बसतो.

बाकी 'मातीपेक्षा दहापट उत्पन्न' असं काहीजण सांगतात, ते मी लिहिलेलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात गेरिके नावाच्या शास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकात पाण्यावर वाढवलेले टोमॅटोचे उंचच उंच वेल दाखवले तेव्हापासून ही हवा आहे. त्याच विद्यापीठातल्या होगलंड अन् आर्नन यांनी 1938 मध्ये तपासून लिहिलं की चांगल्या मातीपेक्षा काही चमत्कार होत नाही. तुमच्या बागेतली माती चांगली आहे. माझ्याकडे मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे.

हिशोब: पाच वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला 3.6 युनिट. वीज परवडते. बादल्या, पंप, पाणी तपासायचं मीटर, खतं यांचे पैसे निघालेले नाहीत अन् दहा रुपयांच्या जुडीसमोर निघणारही नाहीत. मी हे हौसेनं करते, हे लेखात लिहायला हवं होतं.

'बाराही महिने' हे शब्द काल रात्री खोडले. तिथे आता 'दिवाळीपासून होळीपर्यंत' आहे. बादल्या धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवल्या. पुदिना तेवढा वाचला, तो कुंडीत लावला. मातीतच.