अपक्ष म्हणजे नेमकं कोण?

आमच्या सांगलीत २०२४ च्या लोकसभेचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी छाती फुगवून म्हणतंच, "बघा, जनतेनं पक्षांना झिडकारलं, अपक्ष निवडून दिला!" मी मूळचा सांगलीकर आहे आणि निकालाचा मलाही आनंद झाला होता. पण हे वाक्य मला पटत नाही.

अपक्ष उभे राहिलेल्या विशाल पाटील यांना ५,७१,६६६ मतं पडली आणि ते लाखभराच्या फरकानं निवडून आले. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार होते ठाकरेंच्या सेनेचे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. त्यांना ६०,८६० मतं मिळाली आणि डिपॉझिट गेलं. आता ही साडेपाच लाख मतं कुठून आली? आजोबा वसंतदादा, वडील प्रकाशबापू खासदार, भाऊ केंद्रात राज्यमंत्री राहिलेले. गावोगावी सोसायटीचे, कारखान्याचे, दूधसंघाचे लोक. काँग्रेस आघाडीतच, म्हणून उघडपणे नाही, पण तिची अख्खी यंत्रणा विशाल पाटलांच्या 'पाकीट' चिन्हामागं उभी होती. वंचित बहुजन आघाडीचा पाठिंबाही होता. म्हणजे पक्ष होता, फक्त चिन्ह दुसरं होतं.

ते चिन्ह लोकांपर्यंत पोचवणं मात्र सोपं नव्हतं, हे मान्य. माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली, मतदान ७ मे ला. हातात पुरते दोन आठवडेही नाहीत, त्यात मिरज ते जत एवढा पसारा. शिवाय यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग बाकीचे नोंदणीकृत पक्ष आणि सगळ्यात खाली अपक्ष. पोरं डमी मतपत्रिका घेऊन घरोघरी जायची, म्हाताऱ्या माणसांचं बोट धरून दाखवायची, "आज्जी, वरची सोडायची, खाली या, पाकीट दिसलं की दाबा." हे काम पगारी माणसांकडून होत नाही. त्याला गावात वर्षानुवर्षांची ओळख लागते. खऱ्या एकट्या माणसाकडं ती कुठली?

खरा एकटा अपक्ष वेगळाच असतो. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर नाव सुचवणारा एक मतदार, म्हणजे सूचक, पुरतो, ह्याला दहा लागतात. पंचवीस हजार डिपॉझिट भरायचं आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही पडली की ते सरकारजमा. १९९६ ला लोकसभेला दहा हजारांवर अपक्ष उभे राहिले, तेव्हा कुठं डिपॉझिट पाचशेवरून वाढवलं. त्यातले निवडून किती आले? दोन आकडीसुद्धा नाहीत.

आणि काही अपक्ष तर उभेच केलेले असतात, हे कोकणात विचारा. २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं! तिकडं नाशिक जिल्ह्यात, २०२४ ला दिंडोरीत, शरद पवारांच्या पक्षाच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाशी गल्लत होईल अशा 'तुतारी' चिन्हावरच्या, 'भगरे' आडनावाच्याच अपक्षानं लाखभर मतं खाल्ली. तिथं शरद पवारांचे भास्कर भगरे तरीही निघाले, म्हणून बोभाटा कमी झाला इतकंच.

माझं म्हणणं वेगळंच आहे. पक्षांतरबंदी कायद्यानं अपक्ष खासदाराला निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात जाता येत नाही, गेला तर खासदारकी जाते. पण पाठिंबा कुणालाही देता येतो. विशाल पाटलांनी निकालानंतर काँग्रेसला पत्र दिलं. त्यात सांगलीकरांना नवल वाटलं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. अमरावतीत २०१९ ला नवनीत राणा अपक्ष म्हणून आल्या, त्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. पुढं उभ्या राहिल्या मोदींच्या बाजूनं आणि २०२४ ला थेट भाजपच्या तिकिटावर. कायद्यानं काहीच चुकलं नाही. पण २०१९ ला भाजप नको म्हणून ज्यानं बटण दाबलं, त्यानं कुणाकडं दाद मागायची?

म्हणून पुढच्या वेळी दारात अपक्ष आला की चहा द्या, कौतुक करा, पण एवढं विचारा: दिल्लीत अविश्वास ठराव आला तर हात कुणाच्या बाजूनं वर करणार? "जनता सांगेल तसं" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. जनतेला विचारायला कुणी परत येत नसतं. कागदावर लिहून, सही करून मागा. पक्षाचा माणूस निदान पक्षाच्या जाहीरनाम्याला तरी बांधलेला असतो (तो कुणी वाचतं का, हा भाग वेगळा).

वसंतदादांच्या घरावर माया असणाऱ्यांनी शिव्या घालायच्या आधी पोस्ट पुन्हा एकदा वाचावी. मत मीपण पाकिटालाच दिलंय.