दाबोळी विद्यापीठाला देऊन काय साधेल?

गोव्यातल्या मराठी गटांत सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा : अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मालकीचे विमानतळ आहेत. ते भरपूर कमावतात आणि तिथून विद्यार्थी वैमानिक होऊन बाहेर पडतात. मोपाचा नवा विमानतळ झाल्यावर दाबोळीचा जुना विमानतळ रिकामाच पडत चालला आहे, तर तो नौदलाकडून घेऊन गोवा विद्यापीठाला द्या. भारतातला पहिला विद्यापीठ-विमानतळ आपल्याकडे होईल. आणि दाबोळी मिळत नसेल, तर विद्यापीठ जिथे आहे त्या ताळगावच्या पठारावर छोटी धावपट्टी तरी करा. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक आहेत, वास्कोतले टॅक्सीवाले आहेत, शिकलेल्या मुलांना नोकरीसाठी गोवा सोडावा लागतो याचं दुःख असलेले आईवडील आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. म्हणूनच संदेशाचा एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं. अमेरिकेत विद्यापीठांचे विमानतळ आहेत, एवढं खरं. त्यापुढचं बहुतेक चुकीचं आहे.

पहिला दावा : विद्यापीठं विमानतळातून कमावतात

सगळा संदेश या दाव्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विमानतळ १९३० च्या दशकातला. अमेरिकेतला पहिला विद्यापीठ-विमानतळ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३५ पासून पर्ड्यूत विद्यार्थिनींना मार्गदर्शन करत होत्या, आणि ज्या लॉकहीड इलेक्ट्रा विमानातून त्या १९३७ मध्ये बेपत्ता झाल्या, त्याच्या खरेदीला पर्ड्यूच्या संशोधन प्रतिष्ठानाने पैसा उभा करून दिला होता. इतका मोठा वारसा असूनही २००४ ते २०२४ अशी तब्बल वीस वर्षं या विमानतळावर एकही नियमित प्रवासी विमान येत नव्हतं. शिकवणं चालू होतं, विद्यार्थ्यांची उड्डाणं चालू होती. प्रवासी मात्र नव्हते.

इलिनॉय विद्यापीठाचा विलार्ड विमानतळ १९४५ चा. सॅव्हॉय नावाच्या लहान गावाला लागून, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं. तिथून शिकागो मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर, इंडियानापोलिसही जवळपास तेवढंच. प्राध्यापकाला परिषदेला जायचं असेल तर तो हिशेब करतो : मोठ्या विमानतळावर तिकीट स्वस्त, विमानं जास्त, एक चुकलं तर दुसरं आहे. तो गाडी काढतो. दारचा विमानतळ असा गळत राहतो, मालक विद्यापीठ असो की नगरपालिका. हा अनुभव आपल्याला परका नाही. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाला आणि तेव्हापासून नियमित विमान टिकवतानाच त्याची दमछाक होते आहे. सावंतवाडीचा माणूस मोपाला येतो, कारण त्याला हव्या त्या शहराचं विमान मोपाला मिळतं.

उत्पन्न झालं तरी ते जातं कुठे, हा प्रश्न संदेशात कुणी विचारलेलाच नाही. अमेरिकेत धावपट्टी नव्याने करायला, दिवे बसवायला, कुंपण घालायला केंद्र सरकार मोठं अनुदान देतं. लहान विमानतळांच्या बाबतीत ते कामाच्या खर्चाच्या ९० टक्के किंवा त्याहून जास्त असतं. पण त्यासोबत अटी येतात. त्यातली मुख्य अट अशी, की विमानतळावर मिळालेला पैसा विमानतळावरच खर्च झाला पाहिजे. हँगरचं भाडं, इंधनावरचा आकार, मोटारतळाचं शुल्क यातून चार पैसे उरले, तरी विद्यापीठ ते ग्रंथालयाकडे किंवा वसतिगृहाकडे वळवू शकत नाही. विमानतळ कमावेल आणि त्यावर विद्यापीठ चालेल, हे चित्र जिथून आणलं आहे तिथे कायद्यानेच अशक्य आहे.

खर्च मात्र रोजचा. अग्निशमनाच्या गाड्या आणि त्यावर प्रशिक्षित माणसं, विमान असो वा नसो. धावपट्टीवर साचलेलं रबर काढणं, पक्षी हाकलणं, दिव्यांची तपासणी, ठरावीक वर्षांनी पृष्ठभाग उखडून पुन्हा करणं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने त्याच्या ईस्टरवूड विमानतळाचं रोजचं काम खासगी कंपनीकडे सोपवलं आहे. ज्यांच्याकडे अशी मालकी पिढ्यान्‌पिढ्या आहे तेही हा भार उचलताना दमतात. गोवा विद्यापीठाच्या माथ्यावर तो ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी विद्यापीठातल्या रिक्त जागांचा आणि प्रयोगशाळांच्या गरजांचा विचार करावा.

दुसरा दावा : तिथे विद्यार्थी वैमानिक होतात

काही ठिकाणी होतात. ओहायो स्टेट विद्यापीठाचा डॉन स्कॉट विमानतळ १९४० च्या दशकापासून हे काम करतो आहे. तिथे नियमित प्रवासी विमानं नाहीतच. प्रशिक्षणाची विमानं, उद्योगांची लहान विमानं आणि संशोधन, एवढ्यावर तो उभा आहे. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या विमानतळाचंही काम चांगलं आहे.

पण इलिनॉयकडे पुन्हा बघा. विलार्डवर १९४६ पासून विद्यापीठाची स्वतःची विमानविद्या संस्था होती. तिने अनेक पिढ्या वैमानिक घडवले. २०११ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने ती बंद करायचं ठरवलं आणि उड्डाणाचं शिक्षण पुढे पार्कलँड या शेजारच्या सामुदायिक महाविद्यालयाकडे गेलं. धावपट्टी विद्यापीठाचीच राहिली, शिकवणं मात्र दुसऱ्याकडे गेलं. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. चॅपेल हिलचा होरेस विल्यम्स विमानतळ विद्यापीठाचा होता. तिथून डॉक्टर लहान विमानांनी राज्यातल्या दूरच्या गावांत रुग्ण तपासायला आणि शिकवायला जात. याहून चांगला उपयोग सांगता येणार नाही. तरीही ती उड्डाणं रॅलेच्या मोठ्या विमानतळावर हलवली गेली आणि २०१८ मध्ये होरेस विल्यम्स बंद झाला. सेवा चालू राहिली. तिच्यासाठी स्वतःच्या मालकीची धावपट्टी लागत नाही, हे तिथे सिद्ध झालं.

शिवाय आपल्याकडचा पाऊस. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला भारतात २०० तासांचं उड्डाण लागतं आणि शिकाऊ मुलाचे बरेचसे तास डोळ्यांना जमीन स्पष्ट दिसत असतानाच होतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर ढग सड्याला, म्हणजे पठाराला, टेकलेले असतात. त्या काळात सरावलेल्या वैमानिकांनाही उतरता न आल्याने विमानं दुसरीकडे वळवावी लागतात. वैमानिक प्रशिक्षणाच्या शाळा बारामतीला, गोंदियाला उभ्या राहिल्या, त्यामागे मोकळं आकाश हे मोठं कारण आहे. वर्षाचा तिसरा हिस्सा जमिनीवर बसून काढणाऱ्या शाळेत लाखो रुपये फी भरून मुलगी घालायला कोणते आईवडील तयार होतील?

तिसरा दावा : दाबोळी रिकामा आहे, नौदलाने तो सोडावा

दाबोळी पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. मुक्तीनंतर, १९६२ मध्ये तो नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ तिथे आला. धावपट्टी नौदलाची आणि हवाई वाहतूक नियंत्रणही नौदलाचं. आपण ज्या टर्मिनलमधून ये-जा करतो, तो विमानतळ प्राधिकरणाकडचा नागरी भाग आहे. कामाच्या दिवसांत सकाळचे काही तास नागरी विमानांना का मिळत नसत, याचं उत्तर यातच आहे.

आज तिथे मिग-२९के लढाऊ विमानं आहेत, समुद्रावर लांबवर टेहळणी करणारी पी-८आय आहेत. विमानवाहू जहाजावरून उडण्याचा आणि उतरण्याचा सराव जमिनीवर करता यावा म्हणून बांधलेली चढती धावपट्टी भारतात इथेच आहे. तेजसच्या नौदलासाठीच्या विमानाने तिच्यावरूनच २०१४ मध्ये पहिली झेप घेतली आणि २०१९ मध्ये तारेला आकडा अडकवून उतरण्याची चाचणीही याच तळावर झाली. याला रिकामी जागा म्हणता येत नाही. काही आंतरराष्ट्रीय विमानं मोपाला गेली म्हणून नागरी भागही ओस पडलेला नाही, लाखो प्रवासी अजून दाबोळीलाच उतरतात. दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांची आणि हॉटेलवाल्यांची भीती मला पूर्ण समजते. मोपाला मंजुरी देताना केंद्राने २००० मध्ये दाबोळीची नागरी वाहतूक बंद होईल असं ठरवलं होतं आणि २०१० मध्ये ते बदललं, हे सासष्टी-मुरगावचे लोक विसरलेले नाहीत. पण विद्यापीठाच्या नावाने दाबोळी मागितला तर त्यांच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही. शिकाऊ विमानातून पर्यटक उतरत नाहीत.

यावर कुणी ओक्लाहोमाचं उदाहरण देईल. नॉर्मन गावातला विद्यापीठाचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात नौदलाने वापरला आणि नंतर तो विद्यापीठाकडे परत आला. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्डला हवाई दलाच्या तळावरच १९४६ मध्ये विमानविद्येचं महाविद्यालय निघालं. आज तेच विद्यापीठ आहे आणि विमानतळही त्याचाच आहे. दोन्ही उदाहरणं खरी आहेत. फरक एवढाच, की महायुद्ध संपल्यावर सैन्याला इतक्या तळांची गरज उरली नव्हती. अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर आज तशी स्थिती नाही, आणि नौदलाला गरज उरली नाही असं सांगणारा एकही पुरावा संदेशात नाही.

चौथा दावा : भारतातला पहिला

नाही. कानपूरच्या आयआयटीच्या आवारात स्वतःची धावपट्टी आहे, उड्डाण प्रयोगशाळा आहे, आणि विमानविद्येचे विद्यार्थी प्रत्यक्ष विमानात बसून मोजमापं घेतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीवर कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला तोही याच आयआयटीच्या विमानातून. राजस्थानात वनस्थळी विद्यापीठात मुली स्वतःच्या आवारातल्या धावपट्टीवर उड्डाण शिकतात. आणि उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी १९८० च्या दशकापासून आहे. पहिलेपणाचा मान मागण्याआधी या लोकांकडून शिकावं.

पाचवा दावा : ताळगावला छोटी धावपट्टी करा

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की सरकारं हलतात, आणि हलायलाच हवीत. आयआयटी गोवा २०१६ पासून फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात चालते आहे. कायमच्या जागेसाठी सत्तरीत शेळ-मेळावलीची निवड झाली, तेव्हा गावकऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, रस्त्यावर उतरून आपली राई आणि काजूच्या बागा वाचवल्या. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तिथला प्रकल्प मागे घ्यावा लागला. ज्या राज्यात वर्गखोल्यांसाठी जागा मिळत नाही, तिथे धावपट्टीसाठी कुठून आणणार? धावपट्टी म्हणजे नुसता डांबराचा पट्टा नसतो. दोन्ही टोकांना मोकळी जमीन लागते, आणि विमानं ज्या वाटेने चढतात-उतरतात तिथल्या घरांच्या, झाडांच्या, मोबाइल टॉवरच्या उंचीवर बंधनं येतात. ताळगाव, दोना पावल, बांबोळी एका बाजूला इस्पितळ आणि दुसऱ्या बाजूला वसाहती घेऊन उभी आहेत. शिवाय समोरच नदीपलीकडे दाबोळीचं लष्करी आकाश आहे. ही सूचना नकाशा न पाहता केलेली आहे.

मग विद्यापीठाचा विमानतळाशी काही संबंधच नको का? हवा, आणि आतापेक्षा कितीतरी जास्त हवा. पर्ड्यूपासून कानपूरपर्यंत जे जमलं ते मालकीमुळे नव्हे. विमानतळावर रोज घडणारं काम अभ्यासक्रमात आलं, म्हणून जमलं. आपल्याकडे त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. दोना पावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोत हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र, पणजीत हवामान खात्याचं डॉप्लर रडार. पावसाळ्यात मोपाच्या सड्यावर ढग कधी टेकतील, दाबोळीला दृश्यमानता किती वेळात घसरेल, हा प्रश्न घेऊन गोवा विद्यापीठात हवाई हवामानशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करता येईल. तो पावसामुळे बंद पडणार नाही, पावसातच चालेल. सड्यावरचे पक्षी आणि विमानांचे अपघात हा प्राणिशास्त्र विभागाचा विषय होऊ शकतो. दाबोळीला लागून झुआरीनगरला बिट्स पिलानी या अभियांत्रिकी संस्थेचं आवार आहे, तिथल्या अभियंत्यांशी करार होऊ शकतो.

आणि मोपा. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या पेडण्याच्या मुलांसाठी तिथे विमान-कौशल्य केंद्र आहे. तिथल्या प्रशिक्षणाला विद्यापीठाच्या पदविकेची जोड मिळाली, तर सामान चढवण्यापासून सुरुवात करणारा मुलगा पुढे विमान देखभालीपर्यंत किंवा विमानतळाच्या व्यवस्थापनापर्यंत चढू शकेल. आज त्याला कागद मिळतो, पुढची पायरी मिळत नाही. ती पायरी घालायला धावपट्टीची मालकी लागत नाही. विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा ठराव लागतो, आणि मोपा चालवणाऱ्या कंपनीशी सरकारने केलेला ४० वर्षांचा करार विद्यापीठाने हातात घेऊन त्यातली प्रशिक्षणाची कलमं वाचावी लागतात. संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हाच मजकूर आपल्या आमदाराला आणि कुलगुरूंना पाठवावा.